क्रॅपीच्या तोंडाचे माप

उत्तर कॅरोलायनातल्या जॉर्डन लेकवर मार्चमधल्या एका सकाळी, कोणी टिचकी मारावी तसे धक्के माझ्या तंगुसाला, म्हणजे गळाच्या नायलॉनच्या दोरीला, तीन तास बसत राहिले आणि त्या तीन तासांत क्रॅपी नावाचा एकही मासा काठापर्यंत आला नाही. दर वेळी मी काठी उचलत असे, हाताला क्षणभर वजन जाणवत असे, काठीचे टोक एक-दोनदा थरथरत असे आणि मग तंगूस सैल पडत असे. गळ गुंडाळून पाहावा तर टोक धारदारच, गाठही शाबूत. त्या दिवशी माझ्याकडे १/६४ औंसाचे, १० नंबरच्या गळाचे जिग, म्हणजे शिशाची गोळी ओतलेले गळ, होते. ते मीच विचारपूर्वक निवडले होते आणि त्या निवडीमागे माझ्या मते पक्के कारण होते. ते कारण कुठे चुकले, हे नीट कळायला नोव्हेंबर उजाडला.

माझे बालपण कोकणातल्या आचऱ्याच्या खाडीकाठी गेले. शाळा सुटल्यावर गरवायला जायचे, हा आमचा रोजचा क्रम होता आणि खाडीतल्या काळुंदर माशासाठी गरी, म्हणजे गळ, बारीकच हवी, हे तिथल्या प्रत्येक पोराला ठाऊक असते. काळुंदराचे अंग उंच आणि चपटे, तळहातावर मावेल असे, पण तोंड मात्र इवलेसे असते. उत्तर कॅरोलायनातल्या केरी शहरात राहायला आल्यावर शेजारच्या तलावातला पहिला क्रॅपी मी पाहिला, तेव्हा मला त्याच्यात काळुंदरच दिसला. तसेच उंच, चपटे अंग, तसाच हातात धरल्यावर पंजाएवढा भरणारा मासा, फक्त रंग रुपेरी आणि त्यावर काळे शिंतोडे. आकार ओळखीचा वाटला म्हणून मी तोंडही तसेच असणार असे गृहीत धरले आणि दुकानातला सर्वांत बारीक जिग उचलला. आवळलेल्या तोंडाचा क्रॅपी पाहून हा गैरसमज सहज होतो, कारण त्याचा जबडा मिटलेला असताना फारशी जागा व्यापत नाही.

पुढचे लिहिण्याआधी जिग म्हणजे काय, ते थोडक्यात सांगतो. गळाच्या दांडीच्या वरच्या टोकाला, नेढ्याजवळ, तार काटकोनात वाकवलेली असते आणि त्या वाकणावर शिशाची गोळी ओतलेली असते. नेढे गोळीच्या माथ्यातून वर येते, त्यामुळे जिग पाण्यात आडवा लटकतो आणि गळाचे टोक आकाशाकडे राहते. दांडीवर रंगीत पिसे, केस किंवा मऊ प्लास्टिकचे दीड-दोन इंची शरीर चढवतात. पाण्यात हळूहळू उतरणारा हा तुकडा क्रॅपीला लहान माशासारखा दिसतो. जिग विकत घेताना म्हणूनच दोन मापे एकत्र घ्यावी लागतात, एक गोळीचे वजन आणि दुसरे गळाचा आकार. माझ्या पहिल्या काही आठवड्यांचा सगळा घोटाळा या दोन मापांच्या लिहिण्याच्या पद्धतीत होता.

गळ लहान पडत असावा अशी शंका आल्यावर मी घरी येऊन रात्रीच ऑनलाइन नवी पाकिटे मागवली. १० नंबर लहान म्हणून १२ नंबर निवडला. पाकीट आले आणि आत पहिल्यापेक्षाही बारीक गळ निघाले. गळाच्या नंबरांचा क्रम उलटा चालतो, ही गोष्ट मला वयाच्या चाळिशीनंतर त्या दिवशी समजली. आचऱ्याच्या दुकानात आम्ही गरी कधी नंबराने मागितलीच नव्हती. दुकानदार डबा उघडून पुढे करी आणि आम्ही बोटाने दाखवत असू. इथे १२, १०, ८, ६, ४, २ आणि १ असा नंबर उतरत जातो तसा गळ मोठा होत जातो, आणि १ नंतर क्रम पुन्हा फिरून १/०, २/० असा वाढत जातो, जिथे पुढचा आकडा मोठा असेल तर गळही मोठा असतो. भरीस भर म्हणून वजनही अपूर्णांकातच लिहिलेले असते. १/३२ औंस हे १/१६ औंसाच्या निम्मे. एकाच पाकिटावर '१/१६' आणि '१/०' असे दोन आकडे शेजारी शेजारी छापलेले पाहून नवख्या माणसाचा गोंधळ व्हावा यात नवल नाही. आईच्या शिवणाच्या डब्यातल्या हातसुयांचेही असेच असते. १० नंबरची सुई ७ नंबरच्या सुईपेक्षा बारीक असते. इंग्लंडमधले रेडिच हे गाव सुयांसाठी आणि गळांसाठीही प्रसिद्ध होते, हे पुढे वाचनात आले तेव्हा सुई आणि गळ यांचे हे नाते मला एकदम जवळचे वाटले. दोन्ही शेवटी टोक काढलेल्या तारेचेच प्रकार आहेत.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात, फॅरिंग्टन रस्त्याच्या पुलाजवळच्या काठावर माझ्या डावीकडे एक वयस्क गृहस्थ उभे होते. पाण्याचे तापमान १६-१७ अंश सेल्सिअसच्या घरात आले होते आणि क्रॅपी अंडी घालण्यासाठी उथळात येऊ लागले होते. ते दर पाच-दहा मिनिटांनी एक मासा काढत होते आणि मी पुन्हा धक्के मोजत होतो. बऱ्याच वेळाने त्यांनी मला विचारले, "कोणता गळ लावलाय?" मी दाखवला. त्यांनी काही न बोलता बादलीतला एक क्रॅपी उचलला, त्याच्या खालच्या जबड्यात अंगठा घालून तोंड उघडले आणि तो मासा सूर्याकडे धरला.

ते दृश्य मी अजून विसरलेलो नाही. मिटलेले असताना चिमुकले वाटणारे ते तोंड पुढे पुढे येत एखाद्या छत्रीसारखे उघडले, आणि माझा अंगठा आत सहज गेला असता एवढी कमान तयार झाली. वरच्या ओठाच्या काठाला एक कडक पट्टी होती. तिच्या मागे, गालाच्या बाजूला, एक पातळ पडदा ताणला गेला होता आणि त्यातून सकाळचा उजेड आरपार येत होता. कांद्याच्या पापुद्र्यातून दिसावे तसे त्यातून पलीकडचे पाणी दिसत होते. त्या पडद्यावर एका जागी सुताएवढी फट होती. त्यांचाच गळ तिथे क्षणभर अडकून मग पुढे ओठात रुतला होता. इथले लोक क्रॅपीला 'कागदी तोंडाचा' का म्हणतात, ते त्या एका क्षणात उलगडले. त्यांनी नखाने वरच्या ओठाची कडक पट्टी दाखवली आणि म्हणाले, "गळ इथे बसला पाहिजे. तुझा गळ इथपर्यंत पोचतच नाही. तो कागदात अडकतो आणि कागद फाटतो."

त्यांनी मला स्वतःचे दोन जिग दिले, १/३२ औंसाचे, ४ नंबरच्या पातळ तारेच्या गळाचे. त्या दिवशी मला सहा मासे मिळाले. धक्के तेवढेच होते, पण आता त्यांतले निम्म्याहून अधिक मासे हाताला लागत होते.

रात्री बाबांना फोन केला. ते अजून आचऱ्यालाच असतात आणि कोणता मासा, किती पाण्यात, कसल्या आमिषावर, हे विचारल्याशिवाय फोन ठेवत नाहीत. मी काळुंदराची उपमा दिली तेव्हा ते पटकन म्हणाले, "अरे, आंगार जाव नको, तोंड बघ." ब्लूगिल नावाचा क्रॅपीचाच एक भाऊबंद या तलावात आहे आणि त्याचे तोंड खरोखरच काळुंदरासारखे बारीक असते. त्याच्यासाठी १० किंवा ८ नंबर अगदी योग्य ठरतो. माझे मूळ अनुमान त्या माशाच्या बाबतीत बरोबर निघाले असते.

इथपर्यंतची गोष्ट सरळ होती. ४ नंबर वापरा, प्रश्न सुटला, असे मलाही वाटले होते. मे महिन्यात मी आणखी एका प्रकारचे जिग घेतले. नंबर तोच ४, वजन तेच १/३२ औंस, फक्त प्लास्टिकचे शरीर जरा जाडजूड होते, कारण गढूळ पाण्यात ते उठून दिसेल असा माझा अंदाज होता. आणि पुन्हा मार्चसारखेच मासे सुटू लागले. घरी येऊन मी दोन्ही जिग टेबलावर ठेवले आणि व्हर्नियर कॅलिपर काढला. माझे काम यंत्रांच्या सुट्या भागांच्या तपासणीचे आहे, त्यामुळे हे उपकरण घरात असतेच. गळाचे टोक आणि दांडी यांच्यातले अंतर, ज्याला मी पोकळी म्हणतो, ते मोजल्यावर दिसले की दोन वेगळ्या कंपन्यांचे ४ नंबरचे गळ एकसारखे नव्हतेच. एकाची पोकळी दुसऱ्यापेक्षा जवळजवळ एक मिलिमीटरने कमी होती. एवढ्या लहान वस्तूत एक मिलिमीटर फार होतो. गळांच्या नंबरांना सर्व कंपन्यांनी पाळावे असे एकच प्रमाण नाही. कोणी दांडी लांब ठेवते, कोणी बाक रुंद करते आणि नंबर मात्र तोच छापते.

त्याहून महत्त्वाची गोष्ट प्लास्टिक चढवल्यावर दिसली. जाड शरीर दांडीवर चढवले की त्याचा काही भाग पोकळीत येतो आणि टोकाच्या वाटेत उभा राहतो. मासा तोंड मिटतो तेव्हा हे प्लास्टिक दाबले जाऊन टोक बाहेर यायला हवे, पण क्रॅपीचा जबडा काही चावणारा नव्हे. तो पाण्याबरोबर आमिष आत ओढतो आणि नको वाटले की तसेच फुंकून टाकतो. म्हणून खरे मोजायचे ते प्लास्टिकच्या पाठीपासून गळाच्या टोकापर्यंत उरलेले मोकळे अंतर. जाड शरीराच्या जिगमध्ये ते अडीच मिलिमीटरसुद्धा नव्हते, त्या गृहस्थांनी दिलेल्या जिगमध्ये ते त्याच्या दुपटीला पोचत होते. मी तेच जाड प्लास्टिक काढून दांडी मध्यातून न घालता पाठीच्या बाजूने घातली, म्हणजे बहुतेक जाडी दांडीच्या खाली, पोटाकडे गेली, आणि मोकळी जागा लगेच वाढली. दुसऱ्या दिवशी तलावावर त्याचा फरक जाणवला. तेव्हापासून मी पाकिटावरचा नंबर केवळ सुरुवातीच्या चाळणीपुरता पाहतो आणि शेवटचा निर्णय प्लास्टिक चढवून, डोळ्यांसमोर धरून, उरलेली फट पाहून घेतो. त्यासाठी कॅलिपर लागत नाही. माझ्या करंगळीच्या नखाची निम्मी रुंदी तिथे मावली पाहिजे, एवढा अंदाज आता पुरतो.

मग गळ मोठाच का घेऊ नये, हा प्रश्न साहजिक आहे आणि जूनमध्ये मी तोही प्रयोग केला. १/८ औंसाच्या गोळीवरचे १/० नंबरचे जाड तारेचे जिग घेऊन गेलो. त्यात दोन अडचणी आल्या. पहिली अशी की एवढा गळ सहसा जड गोळीवरच मिळतो आणि साडेतीन ग्रॅमचा तुकडा पाण्यात दगडासारखा खाली जातो. क्रॅपीचे डोळे डोक्यावर उंच बसलेले असतात, तो स्वतःच्या वरच्या बाजूला पाहतो आणि वर येऊनच आमिष घेतो. त्याच्या डोक्यावरून जिग सावकाश उतरला तर त्याला विचार करायला वेळ मिळतो. भरकन खाली गेलेल्या जिगकडे तो वळतसुद्धा नाही. दुसरी अडचण जॉर्डन लेकच्या तळाची. हॉ नदीवर धरण बांधून तयार झालेला हा तलाव आहे, सुमारे १४ हजार एकरांचा, आणि पाण्यात बुडालेल्या झाडाझुडपांतच क्रॅपी राहतात. मासा जिथे, तिथे फांद्या असणारच. पातळ तारेचा गळ फांदीत अडकला की तंगूस हाताला गुंडाळून हळूहळू, झटका न देता ओढत राहायचे. तार सरळ होते, गळ सुटतो आणि चिमट्याने त्याला पुन्हा बाक देता येतो. दोनदा, फार तर तीनदा. नंतर ती तार थकते आणि टाकून देणेच शहाणपणाचे असते. जाड तारेचा गळ मात्र सरळ होत नाही. चार किंवा सहा पौंडांचा ताण सोसणारा तंगूसच आधी तुटतो. त्या एका सकाळी माझे सात जिग तलावात राहिले आणि एवढे शिसे पाण्यात टाकून आल्याची रुखरुख मला बरेच दिवस लागली. न्यू हॅम्पशायर आणि मेन या राज्यांत शिशाच्या लहान जिगांवर बंदी आहे, कारण लून पक्षी ते गिळून मरतात. उत्तर कॅरोलायनात तसा नियम मला लागू होत नसला तरी अडकलेला गळ सोडवून परत आणता येणे, हा निवडीचा एक निकष मी तेव्हापासून धरला. पातळ तारेची उलट बाजूही मी पाहिली आहे. एकदा क्रॅपीच्या जिगला मोठी कॅटफिश लागली आणि तिने ४ नंबरचा गळ सुईसारखा सरळ करून टाकला. त्याबद्दल माझी तक्रार नाही, ते काम त्या गळाचे नव्हतेच.

या सगळ्यांत मला सर्वांत अधिक विचार करायला लावणारा प्रसंग मात्र मासा सुटण्याचा नाही, मासा लागण्याचा आहे. मार्चमध्येच, त्या १० नंबरच्या गळावर, सायंकाळी एक क्रॅपी अखेर काठाला आला होता. मोजपट्टीवर ठेवला तर नऊ इंचांचा. जॉर्डन लेकमध्ये दहा इंचांपेक्षा लहान क्रॅपी ठेवता येत नाही आणि दिवसाला वीसपेक्षा अधिक घेता येत नाहीत, त्यामुळे तो पाण्यात सोडायलाच हवा होता. पण बारीक गळ त्याने थेट घशात घेतला होता, कल्ल्यांच्या मुळाशी. मी लांब चिमटा घालून प्रयत्न केला, रक्त येऊ लागले, शेवटी तंगूस कापून त्याला सोडले. तो एका कुशीवर कलंडून काही वेळ तरंगत राहिला आणि मग गढुळात दिसेनासा झाला. नियम मी पाळला होता, पण तो मासा जगला असेल असे मला प्रामाणिकपणे म्हणता येत नाही. पुढे ४ नंबरवर आल्यावर लहान मासेही बहुतेक वेळा ओठातच लागू लागले, कारण रुंद पोकळीचा गळ आत जाताना किंवा बाहेर येताना जबड्याच्या कडेला पकडतो आणि घशापर्यंत सहसा जात नाही. गळाच्या टोकाजवळचा उलटा काटा चिमट्याने दाबून टाकला की गळ काढायलाही दोन सेकंद पुरतात. मासा हातात असताना या दोन सेकंदांची किंमत फार असते.

उन्हाळ्यात मासे खोल गेले आणि त्या गृहस्थांनी एक-दोनदा मला त्यांच्या सपाट तळाच्या होडीतून नेले. बुडालेल्या झाडाच्या थेट वर होडी ठेवून, लांब काठीने जिग सरळ खाली सोडायचा आणि स्थिर धरायचा, ही त्यांची पद्धत. तिथे तंगुसाची गाठ नेढ्याच्या नेमक्या माथ्यावर सरकवून ठेवावी लागते, नाहीतर जिग नाकावर किंवा शेपटीवर लटकतो आणि गळाचे टोक कलते. टोक कलले की पोकळी कितीही असली तरी उपयोग नाही. मासा आमिष घेऊन वर येतो तेव्हा धक्का लागत नाही, उलट हातातले वजन नाहीसे होते, आणि ओळखायचा इशारा तोच. त्या वेळी काठी जोराने हिसकायची नाही. मनगट चार बोटे वर उचलायचे, बस्स. माझ्या पहिल्या महिन्यातल्या अपयशात माझ्या हिसक्यांचाही वाटा असणार, कारण पातळ पडद्याला कोणत्याही नंबराचा गळ हिसका दिल्यावर फाडतोच.

सप्टेंबर-ऑक्टोबरपर्यंत माझी निवड बरीचशी स्थिरावली होती. वसंतात उथळ पाण्यात, पाण्यावर तरंगणाऱ्या फ्लोटखाली दोन-तीन फुटांवर, १/३२ औंस आणि ४ नंबर. वारा असेल किंवा मासे दहा-बारा फूट खोल असतील तर १/१६ औंस, आणि त्यावर दोन इंची जाडसर प्लास्टिक असेल तर २ नंबर. पिसांचा किंवा केसांचा जिग असेल तर ६ नंबरही चालतो, कारण पिसे दबतात आणि पोकळी अडवत नाहीत. माझ्या अनुभवात सर्वांत कमी वापरला जाणारा आणि सर्वांत कमी मिळणारा मेळ म्हणजे हलकी गोळी आणि मोठा गळ. दुकानात वजन वाढते तसा गळही वाढवलेला असतो, जणू हलक्या जिगला लहान तोंडाचाच मासा लागतो. थंडीत नेमके याच्या उलट हवे असते. डिसेंबर-जानेवारीत पाणी गारठल्यावर क्रॅपी सुस्तावतात, जिग अगदी सावकाश उतरावा लागतो, म्हणून गोळी हलकी हवी. पण माशाचे तोंड हिवाळ्यात लहान होत नाही, गळ तोच हवा.

नोव्हेंबरच्या मध्याला मी १/६४ औंसाच्या गोळीवर ४ नंबरचा गळ असलेले जिग एका छोट्या विक्रेत्याकडून शोधून मागवले. पहिल्याच सकाळी धुके होते आणि पाणी काचेसारखे स्थिर. जिग पाण्यात पडल्यावर मनात वीसपर्यंत मोजले, अठरावर तंगूस किंचित बाजूला सरकला, मी मनगट उचलले आणि काठी वाकली. मासा साडेअकरा इंचांचा निघाला. त्याच्या खालच्या जबड्यात अंगठा घालून मी तोंड उजेडाकडे उघडले. पडदा अखंड होता, गळ वरच्या ओठाच्या कडक पट्टीत, अगदी मध्यभागी, आरपार गेला होता. तसाच फोटो काढून बाबांना पाठवला. आचऱ्याला तेव्हा संध्याकाळ झालेली होती आणि त्यांचे उत्तर लगेच आले. फोटो मोठा करून तोंड दाखव, असे त्यांनी लिहिले होते.